निकु यासाइ इतामे

निकु यासाइ इतामे हा मांस व भाज्या मोठ्या आचेवर थोड्या तेलात परतून केला जाणारा जपानी पदार्थ आहे. जपानी भाषेत 'निकु' म्हणजे मांस, 'यासाइ' म्हणजे भाजी आणि 'इतामे' म्हणजे परतणे. पूर्व जपानमध्ये तो बहुधा डुकराच्या मांसाचा करतात. ओसाका-क्योतो परिसरात मात्र नुसते 'निकु' म्हटले की सहसा गोमांसच अभिप्रेत असते.

== इतिहास ==
इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू यांनी वर्षाच्या चौथ्या ते नवव्या महिन्यांत गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस खाण्यास मनाई केली. पुढे बौद्ध विचारांच्या प्रभावामुळे अनेक शतके गोमांस जपानी आहारात फारसे नव्हते. १८७२ मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि ते आधुनिकतेचे चिन्ह मानले जाऊ लागले. परतण्याची पद्धत चिनी पाककलेतून आली. त्यामुळे हा पदार्थ आजही जपानमधील चिनी धाटणीच्या खाणावळींत हमखास मिळतो.

== साहित्य ==
दोन माणसांसाठी साधारण १५० ग्रॅम गोमांसाचे पातळ काप, २०० ग्रॅम कोबी, १०० ग्रॅम मुगाचे लांब मोड, अर्धा कांदा, अर्धे गाजर व एक ढोबळी मिरची पुरते. चवीसाठी सोया सॉस, साके (तांदळाचे मद्य), मिरिन (तांदळाचे गोड मद्य), आले, लसूण, मिरपूड व भाजलेल्या तिळांचे तेल वापरतात.

== कृती ==
मांसाचे काप तंतूंना आडवे, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे करतात. त्यामुळे ते चिवट लागत नाहीत. त्यांना एक चमचा सोया सॉस, एक चमचा साके व थोडे कॉर्नफ्लोअर चोळून दहा मिनिटे ठेवतात. कढई चांगली तापल्यावर तेलात मांस परतून, त्याचा लाल रंग जाताच बाजूला काढतात. त्याच कढईत आले-लसूण, मग गाजर व कांदा, त्यानंतर कोबी व मिरची आणि सर्वांत शेवटी मोड घालतात. भाज्या अर्धवट शिजल्यावर मांस परत घालून सोया सॉस व मिरिन कढईच्या कडेने सोडतात. तिळाचे तेल आच बंद करताना घालतात.

== पाकतत्त्वे ==
घरी केलेल्या या पदार्थात सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे भाज्यांना पाणी सुटणे. मांसाला खरपूस रंग व सुगंध देणारी मेयार अभिक्रिया सुमारे १४० अंश सेल्सियसच्या पुढे वेगाने होते. कढईत पाणी साचले असेल, तर तेथील तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. परिणामी पदार्थ परतला न जाता उकडला जातो. घरगुती शेगडीची आच खाणावळीतील भट्टीपेक्षा मंद असल्याने एका वेळी दोघांपुरतेच जिन्नस घेणे, भाज्या धुऊन पूर्ण निथळणे आणि मीठ किंवा सोया सॉस अखेरीस घालणे हे उपाय करतात. मीठ आधी घातल्यास परासरणामुळे भाजीच्या पेशींतील पाणी बाहेर येते. भाज्यांच्या अपेक्षित करकरीतपणाला जपानीत 'शाकिशाकि' हा ध्वन्यनुकारी शब्द आहे.

== वाढणी ==
हा पदार्थ गरम असतानाच वाफवलेला भात, मिसो सूप व त्सुकेमोनो (लोणचे) यांच्यासह वाढतात. अशा संपूर्ण ताटाला 'तेइशोकु' म्हणतात.