मॅग्नोलियाची राखण

ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट वस्तीत, लाफायेट अ‍ॅव्हेन्यूवर, मॅग्नोलियाचं एक जुनं झाड आहे. १८८५च्या सुमारास विल्यम लेमकेन यांनी नॉर्थ कॅरोलायनातून रोप मागवून ते दारात लावलं. ही जात दक्षिणेच्या उबदार हवेतली. न्यूयॉर्कच्या थंडीत ती तगली हेच नवल. पान वरून गर्द आणि चकचकीत, उलटं केलं की बोटांना तांबूस तपकिरी लव लागते. आपल्या सोनचाफ्याचं हे भाऊबंद. दोघांची प्रजाती एकच. या शहरातल्या सार्वजनिक बागांमध्ये स्वयंसेवक म्हणून माती उपसताना मला सगळ्यात जास्त जीव लागला तो या झाडाला, आणि ते राखणाऱ्या हॅटी कार्थन यांना.

१९६०च्या दशकात ही कृष्णवर्णीयांची वस्ती पालिकेच्या लेखी जवळजवळ टाकून दिलेली होती. रस्त्यावरची झाडं मरत होती, घरं ओस पडत होती. वयाची साठी ओलांडलेल्या हॅटीबाईंनी शेजाऱ्यांना गोळा केलं आणि रस्तोरस्ती झाडं लावायला घेतली. पुढे मुलांना झाडांची निगा शिकवणारं पथकही उभं केलं. हा मॅग्नोलिया तोडला जाणार अशी चिन्हं दिसताच त्या पालिकेच्या मागे लागल्या. १९७० साली झाडाला शहराच्या वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. एका झाडाला! पण बाई तिथे थांबल्या नाहीत. उत्तरेचा बोचरा वारा अडवणारी मागची तीन घरं पडली तर झाडही जाईल, हे त्यांनी ओळखलं होतं. १९७७ साली तीही वाचली. जुनं झाड वाचवायचं तर त्याचा आडोसाही वाचवावा लागतो, ही त्यांची समज मला फार मोठी वाटते.

त्याच सुमारास मॅनहॅटनमध्ये लिझ क्रिस्टी आणि ‘ग्रीन गरिलाज’ नावाचे त्यांचे साथीदार ओसाड प्लॉटांच्या कुंपणांवरून बियांचे गोळे फेकत होते. १९७३मध्ये बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचरा उपसून त्यांनी बाग केली. पुढच्या वर्षी पालिकेने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. तिथे आज डॉन रेडवुडचा वृक्ष उभा आहे. ही प्रजाती आधी जीवाश्मांवरूनच माहीत होती. १९४०च्या दशकात ती चीनमध्ये जिवंत सापडली.

मग जमिनीचे भाव चढले. १९९९मध्ये पालिकेने लोकांनी फुलवलेल्या अशा शंभरावर बागा लिलावात काढल्या. लोक रस्त्यावर उतरले आणि अखेर गायिका-अभिनेत्री बेट मिडलर यांची संस्था व ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ यांनी मिळून त्या विकत घेतल्या. तरी २००० साली एस्पेरान्सा नावाच्या अशाच एका बागेवर बुलडोझर फिरलाच. २००२ साली झालेल्या समझोत्याने शेकडो बागांना अभय मिळालं, काहींच्या जागी मात्र घरं बांधायचं ठरलं.

बागेत काम करताना मला या लढ्याचा वारसा वाफ्यांमध्येच दिसतो. दक्षिणेतून आलेल्या आजीबाई कॉलर्डची पालेभाजी लावतात, पोर्तो रिकोची मंडळी तूर. मी मेथी टाकते, ती उगवली की शेजारच्या वाफ्यावरच्या बाई हक्काने जुडी मागतात आणि बदल्यात कॉलर्डचं बी देतात.