मुक्या विमानाला उसना आवाज

पावसाळ्यात गगनबावड्याच्या माथ्यावर ढग उतरले, की करूळ आणि भुईबावडा घाटांत समोरून येणारे वाहन दिसण्याआधी ऐकू येते. वळणाआड हॉर्न वाजतो, इंजिनाची घरघर वाढत जाते आणि चालक आपले वाहन कडेला घेतो. एरवी नकोसा वाटणारा आवाज इथे सूचनेचे काम करतो. विजेवरील वाहनांमुळे ही सूचनाच हरपेल, ही चिंता गेली काही वर्षे जगभर व्यक्त होत आहे. त्यातूनच संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत २०१६ मध्ये विद्युत वाहनांच्या कृत्रिम आवाजाविषयी तरतूद झाली. युरोपीय संघाने जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या विद्युत मोटारींना असा आवाज बंधनकारक केला. भारतातही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये अशा तरतुदीचा मसुदा प्रसिद्ध केला.

रस्त्यावरचा हा प्रश्न एका छोट्या छंदाच्या जगात मात्र निराळ्या रूपात उभा आहे. रेडिओ नियंत्रणावर उडणारी विमानांची मॉडेल्स आता बहुतांशी बॅटरीवर चालतात. धूर गेला, तेलाचे डाग गेले, कर्कश आवाजही गेला. आणि आता हेच शौकीन आपल्या शांत विमानात स्पीकर बसवून इंजिनाचा आवाज परत आणू पाहत आहेत. हा केवळ हौसेचा भाग आहे, की त्यामागे काही उपयोगही आहे? आणि त्याची किंमत काय?

एरंडेलापासून बॅटरीपर्यंत

१९४० च्या दशकाच्या अखेरीस ग्लो प्लगची छोटी इंजिने बाजारात आली आणि मॉडेल उड्डाणाचा छंद जगभर पसरला. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी चक्क एरंडेल तेल, असे त्यांचे इंधन. ही दोन स्ट्रोकची इंजिने मिनिटाला दहा-बारा हजार फेरे सहज घेत. त्यांचा आवाज एखाद्या चिडलेल्या गांधीलमाशीसारखा असे. गावाजवळच्या मैदानांवरून मॉडेलवाल्यांना हुसकावले जाण्यास हाच आवाज अनेकदा कारणीभूत ठरला.

विजेचा प्रयोगही जुनाच आहे. ब्रिटनमधील कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी ३० जून १९५७ रोजी विद्युत मोटारीवर चालणारे रेडिओ नियंत्रित मॉडेल उडविले. १९६० च्या सुमारास जर्मनीतील ग्राउपनर कंपनीने फ्रेड मिलिट्की यांनी रचलेले विद्युत मॉडेल बाजारात आणले. त्याचे नाव होते ‘सायलेंशियस’. शांतता हाच त्याचा गुण म्हणून मिरविला गेला. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या जड होत्या. लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ब्रशलेस मोटार यांची जोडी २००० नंतरच्या दशकात स्वस्त झाली आणि विद्युत मॉडेलने इंजिनाला मागे टाकले.

आवाजातली तफावत

विद्युत मॉडेल पूर्णतः मुके नसते. त्याच्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, आवाज येतोच. मात्र तो खऱ्या विमानाचा वाटत नाही. यामागचे गणित जे. आर. डी. टाटा यांच्या विमानावरून समजून घेता येईल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, ते ‘पस मॉथ’ जातीच्या विमानातून. त्याला चार सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे इंजिन आणि दोन पात्यांचा प्रोपेलर होता. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे ३३ फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात आणि प्रोपेलरची दोन पाती हवा कापतात. म्हणजे दोन्हींचा मूळ सूर सुमारे ६७ हर्ट्झचा, खर्जातला.

याच विमानाचे एक-दशांश मॉडेल केले, तर पंखांचा विस्तार जेमतेम सव्वा मीटरच्या आत भरतो. त्याचा छोटा प्रोपेलर मिनिटाला नऊ हजार फेरे घेत असेल, तर दोन पात्यांचा सूर ३०० हर्ट्झवर जातो. खऱ्या विमानापेक्षा हा सूर दोन सप्तकांहून अधिक वर लागतो. शिवाय त्यात सिलिंडरच्या स्फोटांचा खडबडीतपणा नसतो. डोळ्यांना पस मॉथ दिसते, कानांना मात्र टेबलफॅन ऐकू येतो.

आवाज तयार कसा होतो?

यावरचा उपाय म्हणजे ध्वनी-मॉड्यूल. खऱ्या इंजिनाच्या आवाजाचे तुकडे त्यात साठविलेले असतात : इंजिन सुरू होताना, मंद फिरताना, वेग घेताना, पूर्ण जोरात आणि बंद पडताना. जमिनीवरील चालक थ्रॉटलची दांडी हलवितो तेव्हा रिसिव्हरकडून मोटारीच्या स्पीड कंट्रोलरला जाणारा संकेतच या मॉड्यूललाही मिळतो. त्यानुसार मॉड्यूल एका तुकड्यातून दुसऱ्यात अलगद सरकते आणि सुराची पट्टी वर-खाली करते. पुढे अॅम्प्लिफायर आणि शेवटी स्पीकर.

खरी अडचण स्पीकरची आहे. ६७ हर्ट्झचा खर्ज ऐकवायचा, तर मोठा पडदा हवा आणि मोठ्या पडद्याला लागणारे लोहचुंबक जड असते. त्यामुळे बरेच जण पडद्याऐवजी ‘एक्सायटर’ वापरतात. हे छोटे कंपनयंत्र विमानाच्या फोमच्या किंवा बाल्सा लाकडाच्या अंगाला आतून चिकटवितात. मग विमानाचे अंगच पडदा होऊन थरथरते. सतारीचा भोपळा किंवा तंबोऱ्याची तबकडी जे काम करते, त्याच जातीचे हे काम.

तरीही खर्ज कमीच पडतो. इथे माणसाचा कान मदतीला येतो. ६७ हर्ट्झचा मूळ सूर नसला, तरी त्याच्या पटीतील १३३, २०० आणि २६७ हर्ट्झचे सूर एकत्र ऐकू आले, तर मेंदू मूळ सुराची उणीव स्वतःच भरून काढतो. जुन्या टेलिफोनवर ३०० हर्ट्झखालचे सूर जवळजवळ पोहोचत नसत. तरी पलीकडे पुरुष बोलतो आहे, हे लगेच कळत असे, ते याच गुणामुळे.

वजनाची किंमत

विमानात काहीही फुकट चढत नाही. समजा, एक किलोच्या मॉडेलमध्ये १०० ग्रॅमची ध्वनी-यंत्रणा बसविली. वजन दहा टक्क्यांनी वाढले. हवेत तरण्यासाठी लागणारा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे पाच टक्के. त्याच ढबीने सपाट उडण्यासाठी लागणारी शक्ती मात्र सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढते. अॅम्प्लिफायर बॅटरीतून जी वीज घेतो ती वेगळीच. उड्डाणाची मिनिटे घटतात आणि उतरताना विमान अधिक वेगात जमिनीला भेटते.

यंत्रणा बसविण्याची जागाही महत्त्वाची. ती विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ असावी. शेपटीकडे वजन गेले, तर विमान आवरत नाही. त्याहून गंभीर धोका विजेच्या जोडणीचा. अॅम्प्लिफायर आणि रिसिव्हर एकाच छोट्या पुरवठ्यावर असतील, तर मोठ्या आवाजाच्या क्षणी दाब खाली येऊन रिसिव्हर बंद पडू शकतो. तसे झाले, तर हवेतले विमान कुणाचेच ऐकत नाही. म्हणून ध्वनी-यंत्रणेला स्वतंत्र पुरवठा द्यावा आणि तिच्या तारा रिसिव्हरच्या अँटेनापासून दूर ठेवाव्यात.

उपयोग आणि मर्यादा

उपयोग मात्र आहे. इंजिनाचे मॉडेल सुरू आहे की नाही, हे शेजारच्या माणसाला न पाहता कळत असे. विद्युत मॉडेलची बॅटरी जोडली, की ते गुपचूप सज्ज होते. दांडीला चुकून धक्का लागला, तर प्रोपेलर क्षणात बोटांवर येतो. स्पीड कंट्रोलर सज्ज होताना ‘बीप’ ऐकू येते, ती याच इशाऱ्यासाठी. त्यासाठी वेगळा स्पीकर नसतो, मोटारीच्या वेटोळ्यांतूनच ती वाजविली जाते. सज्ज होताच मंद घरघर सुरू करणारे मॉड्यूल हाच इशारा चालू ठेवते. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागातील कॅडेटही विमानांची मॉडेल्स हाताळतात. अशा नवशिक्यांच्या गटात या इशाऱ्याचे मोल अधिक.

हवेत गेल्यावर मात्र उसन्या आवाजावर विसंबता येत नाही. तो दांडीचा हुकूम ऐकवितो, मोटारीची प्रकृती नव्हे. सैल झालेला प्रोपेलर किंवा खरखरणारे बेअरिंग खऱ्या आवाजातून कळते आणि तोच आवाज इथे झाकला जातो. शिवाय ध्वनीला १०० मीटर अंतर कापायला सुमारे ०.३ सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला १५ मीटर वेगाचे विमान साडेचार मीटर पुढे गेलेले असते. धुक्यात कानांवर भिस्त ठेवून उडविणे म्हणूनच धोक्याचे. ड्रोन नियम, २०२१ मध्येही मॉडेलची व्याख्या करताना ते चालकाच्या नजरेच्या टप्प्यात उडविले जावे, अशी अट आहे.

गगनबावड्याचा कान

कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवरचा हा माथा मॉडेल उड्डाणाला मोह घालणारा आहे. कोकणातून येणारा वारा कड्याला आपटून वर चढतो आणि त्या उठावावर हलके मॉडेल मोटार बंद ठेवूनही तरंगू शकते. मात्र माथ्याच्या मागच्या बाजूला तोच वारा गिरक्या घेत खाली येतो. तिथे वाढलेले प्रत्येक ग्रॅम महाग पडते.

दुसरी बाब शांततेची. राज्य वन्यजीव मंडळाने २०२० मध्ये मंजूर केलेल्या संवर्धन राखीव क्षेत्रांत गगनबावड्याचा समावेश आहे. राधानगरी आणि चांदोली यांना जोडणाऱ्या वन्यजीवांच्या वाटेवरचा हा पट्टा आहे. राखीव वनाच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीविना मॉडेल नेणे योग्य नव्हे, मग ते मुके असो वा बोलके. वस्तीजवळही हिशेब ठेवावा लागतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले, की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एका मीटरवर ९० डेसिबल वाजणारे विमान १०० मीटरवर सुमारे ५० डेसिबल ऐकू येते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. विमान ५० मीटरवर आले, की ही मर्यादा ओलांडली जाते.

जुन्या इंजिनाला हा हिशेब मानविणे अवघड होते, कारण उडायचे तर गर्जावेच लागे. ध्वनी-मॉड्यूलचा आवाज मात्र ट्रान्समीटरवरील एका बटणाने कमी करता येतो, बंदही करता येतो. मैदानावर, माणसांच्या गटात, सज्ज होताना आणि उतरताना तो वाजावा; कड्याकडे वळताच थांबावा. ही सोय वापरली, तर छंदाची हौसही भागेल आणि ज्या आवाजापायी मॉडेलवाल्यांनी एकेकाळी मैदाने गमावली, तो पुन्हा त्यांच्या वाटेत येणार नाही.