चाई, ताण आणि स्वभावाचा प्रश्न
१८ डिसेंबर २०१९ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाचं मतदान झालं, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या खासदार अयाना प्रेस्ली केसांचा टोप घालून आल्या होत्या. उरलेसुरले केस आदल्याच रात्री गळले होते. जानेवारी २०२०मध्ये त्यांनी टोप उतरवून जाहीरपणे सांगितलं, आपल्याला अलोपेशिया, म्हणजे चाई, झाली आहे.

एवढा ताण, मग केस जाणारच, असं कुणालाही वाटेल. पण चट्टे काही आठवडे आधीच, वेण्या नव्याने घालून घेताना दिसले होते.

चाईला आपल्याकडे ‘किड्यानं केस खाल्ले’ असंही म्हणतात. किडा नसतोच. केसाच्या मुळाला शरीराने जणू अभय दिलेलं असतं. रोगप्रतिकारक पेशी एरवी तिथे शिरत नाहीत. हे अभय संपलं की त्या पेशी मुळाभोवती मोहोळासारख्या जमतात. नवल म्हणजे त्यांचा रोख बहुधा काळ्या केसांवर असतो, पांढरे पुष्कळदा वाचतात. मूळ मात्र मरत नाही, म्हणून वर्षांनंतरही केस परत येऊ शकतात. मिनेसोटातील पाहणीनुसार शंभरातल्या सुमारे दोघांना आयुष्यात कधीतरी चाई होते.

कोलंबिया विद्यापीठाच्या अँजेला क्रिस्तियानो यांना स्वतःलाच चाई झाली, आणि त्यांनी तिचाच अभ्यास हाती घेतला. २०१०मध्ये हजाराहून अधिक रुग्णांच्या जनुकांतून त्यांच्या गटाला मधुमेहाच्या पहिल्या प्रकाराशी आणि संधिवाताशी नातं आढळलं. तरी जनुकं सगळं ठरवत नाहीत: एकसारख्या जुळ्यांपैकी एकालाच चाई झाल्याचीही उदाहरणं आहेत. ताणाला जागा आहे ती इथे.

स्वभावाचं काय? बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफनिओस यांनी १९७०च्या दशकात भावनांना शब्द न सापडणाऱ्या माणसांसाठी ‘अलेक्सिथायमिया’ हा शब्द दिला. चाईच्या रुग्णांत हा गुण काही अभ्यासांना जास्त आढळला, काहींना नाही. मला त्यात मोठी अडचण दिसते ती अशी, की प्रश्नावली हाती येते तोवर केस गेलेले असतात. आरशात रोज नवा चट्टा पाहणारा माणूस खचलेला, अबोल दिसणारच. तो आधीपासून तसा होता, हे त्यावरून कसं ठरवायचं? ‘तू फार विचार करतोस म्हणून झालं’ हे घरचे सहज बोलतात. रुग्णाला ते फार लागतं.

जून २०२२मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब मंजूर केलं. ते प्रतिकारपेशींचे संदेश अडवतं. चाचण्यांत जास्त मात्रा घेणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचं डोकं ३६ आठवड्यांत बहुतांशी केसांनी भरलं. औषध थांबवलं की अनेकांचे केस पुन्हा गळतात.