घर विकायचे आहे? आधी भिंतींकडे पाहा

मुलगा शहरात नोकरीला लागला, गावातले घर बंद पडले. ते विकावे असे तुमच्या मनात आले आहे. गिऱ्हाइके पाहून जातात, पण बोलणी पुढे सरकत नाहीत. अशा वेळी किंमत उतरवण्याआधी एकदा भिंतींकडे पाहा.

घेणारा उंबऱ्यातच अर्धे मत बनवतो. धुराने काळवंडलेले स्वयंपाकघर आणि गर्द निळे माजघर त्याला अंधारे, लहान वाटते. पांढरा किंवा फिकट पिवळसर रंग उजेड परत फेकतो, म्हणून तीच खोली मोठी दिसते. गर्द हिरवा तुम्हाला कितीही आवडो, घेणाऱ्याला त्यात पुन्हा रंगवण्याचा खर्च दिसतो.

त्यासाठी महागडा रंग नको. काजळी धुऊन काढा, सुटलेले पोपडे खरवडा. कळीचा चुना पाण्यात विरवा. तो उकळतो, तेव्हा मुलांना दूर ठेवा व डोळे सांभाळा. रात्रभर मुरल्यावर फडक्याने गाळा, त्यात थोडा डिंक व किंचित नीळ घाला. पातळ दोन-तीन हात द्या. एक वाळल्यावरच दुसरा.

मात्र ओल रंगाखाली झाकू नका. ओल्या भिंतीवर तेलरंग फुगतो, आणि पावसाळ्यात लबाडी उघडी पडते. आधी कौले चाळून गळती थांबवा. तरीही ओल राहिलीच, तर घेणाऱ्याला तसे सांगा. घर एकदाच विकायचे असते. गावात शब्द मात्र रोज लागतो.