खडकांच्या थरांचे वय कसे काढतात?

गेल्या उन्हाळ्यात सफाळ्याला आमच्या शेजारच्या वाडीत बोअर मारण्याचं काम चाललं होतं. यंत्राची धडधड ऐकून आळीतली पोरंसोरं जमली होती, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्यातच उभा होतो. भोकातून उडणारी भुकटी आधी करडी होती. बराच वेळ करडीच येत राहिली. मग एकाएकी ती विटेसारखी तांबडी झाली. थोडा वेळ तांबडी, आणि पुन्हा करडी. वाडीचे मालक, आमचे काका, माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो सर, तुम्ही कॉलेजात शिकवता ना? मग सांगा बरं, पाषाणाच्या पोटात ही माती शिरली कुठून?"

प्रश्न साधा होता, पण मोठ्या मोलाचा होता. त्याचं उत्तर काकांना मी तिथल्या तिथे दोन वाक्यांत दिलं. आज तेच जरा सविस्तर सांगतो.

आपल्या भागातला डोंगर कोणताही घ्या, समोरचा तांदूळवाडीचा किल्लाच घ्या ना, तो काळ्या पाषाणाचा आहे. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून हा रस बाहेर आला आणि कढईतून उतू गेलेल्या पाकासारखा दूरवर पसरला. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. परंतु हा सगळा रस एका दमात आलेला नाही. एक लोट यावा, निवावा, मग काही काळ शांतता असावी, आणि नंतर पुन्हा दुसरा लोट यावा, असं ते चाललं. या शांततेच्या काळात वरचा दगड ऊनपावसाने कुजला, त्याची माती झाली. कुठे दुरून उडत आलेली राख तिच्यात मिसळली. पुढचा लोट आला तो या मातीवरूनच गेला आणि ती भाजून निघाली. काकांच्या बोअरमधून आली ती हीच माती. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटातून जाताना काळ्या कड्यात तांबडी आडवी रेघ दिसते, तीही हीच. पाण्याच्या दृष्टीने हा थर थोडा लबाड असतो. कधी त्याच्या डोक्यावर पाणी अडून राहतं, तर कधी तो ढासळून बोअरचं भोकच बुजवतो. म्हणून बोअरवाल्याने कोणत्या फुटाला तांबडी भुकटी आली ते लिहून ठेवावं, हा माझा आग्रह असतो. बहुधा कोणी लिहीत नाही.

दोन लोटांच्या मधल्या काळात नुसती मातीच झाली असं नाही. खोलगट जागी पाणी साचलं, तळी झाली, तळ्यांत गाळ बसला. वरून लाव्हा आला आणि तो गाळ दाबला जाऊन त्याचा खडक झाला. अशा गाळाच्या थराचं आपल्या जवळचं उदाहरण मुंबईत वरळीच्या टेकडीला होतं. तिथल्या काळसर, पानापानांनी सुटणाऱ्या खडकात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. 1847 साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे 1930 साली त्या बेडकाला 'इंडोबॅट्रॅकस' असं नाव मिळालं. कासवाचे अवशेषही तिथे मिळाले. विचार करा, ज्या वरळीत आज इमारतींची गर्दी आहे, तिथे एके काळी गोड्या पाण्याचं डबकं होतं आणि त्यात बेडूक ओरडत होते!

आता असा थर हाती आला म्हणजे त्याची तपासणी कशी करतात? पहिला प्रश्न, तो बनलाय कशाचा? कण बोटांना लागतात की पिठासारखे मऊ आहेत? खडे-गोटे असतील तर पाणी जोराचं होतं. बारीक चिखल असेल तर पाणी संथ होतं, कारण चिखल बसायला निवांतपणा लागतो. कण गोलसर असतील तर ते लांबून गडगडत आले, अणकुचीदार असतील तर जवळचेच. मग सौम्य आम्लाचा थेंब टाकतात. फसफसलं तर चुना आहे. शाळेत आम्ल नसेल तर चुनखडीचा चुरा करून त्यावर लिंबू पिळा, चालतं. त्यापुढची पायरी प्रयोगशाळेतली. दगडाची चकती घासून घासून मिलिमीटरच्या तीन शतांश इतकी पातळ करतात. तेव्हा दगडातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कण ओळखता येतो.

याचा एक छोटा प्रयोग आपल्या केळव्याच्या किनाऱ्यावर मुलांकडून करून घ्या. कोरडी वाळू कागदावर पसरा आणि खालून लोहचुंबक फिरवा. काळे कण उभे राहून नाचू लागतात. तो लोहखनिजाचा चुरा आहे, आपल्या काळ्या डोंगरांतून नद्या-ओढ्यांनी आणलेला. वाळूत शिंपल्यांचे तुकडेही दिसतील, ते मात्र समुद्राचे. म्हणजे मूठभर वाळूत दोन गावांचे पाहुणे! उद्या या वाळूचा खडक झाला, तर तो वाचणाऱ्याला कळेल की इथे मागे काळे डोंगर होते आणि पुढे समुद्र.

दुसरा प्रश्न वयाचा. आणि खरी गंमत, आणि खरी भांडणंही, इथेच आहेत.

सर्वांत जुना नियम डेन्मार्कच्या स्टेनो नावाच्या विद्वानाने 1669 साली मांडला : उलथापालथ झाली नसेल तर खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. भाताच्या उडवीत तळचा भारा आधी रचलेला असतो, तसंच. पण यावरून फक्त क्रम कळतो, वर्षं कळत नाहीत. थरातल्या जीवाश्मांवरून, म्हणजे दगड बनलेल्या जीवांवरून, काळाचा आणखी अंदाज येतो, कारण प्रत्येक काळाची म्हणून काही ठराविक प्राणी-वनस्पती असतात.

याच रस्त्यावर नागपूरचा एक मोठा वाद झाला. तिथे स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते. त्यांनी व त्यांचे सहकारी हंटर यांनी 1851 च्या सुमारास नागपूरजवळच्या टाकळी गावी लाव्ह्यांमधल्या गाळाच्या थरात शंख-गोगलगायी, बिया, फळं यांचे अवशेष शोधले. हे थर कधीचे? हिस्लॉप म्हणाले, डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळातले. पुढे बिरबल सहानींसारख्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने 1934 च्या सुमारास तोच कौल दिला. त्यांनी असे अवशेष, विशेषतः माडाच्या कुळातल्या झाडांचे, बारकाईने तपासले होते आणि त्यांचा शब्द वजनदार होता. पण 1980 नंतरच्या दशकात त्यांचेच पुतणे अशोक सहानी आणि त्यांचे विद्यार्थी यांनी गाळाचे थर पाण्यात विरघळवून, चाळून, त्यातले बारीक दात नि हाडं वेचायला सुरुवात केली. चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, असिफाबादजवळच्या थरात पाकट माशाच्या एका जातीचे दात मिळाले. आपल्या कोळीवाड्यातल्या पाकटाचाच तो पूर्वज-भाऊबंद म्हणा. त्याचे सगेसोयरे आफ्रिकेत नायजर देशात सापडतात, आणि तेही डायनोसॉर अजून हयात असतानाच्या थरांत. म्हणजे काकांनी जे ठरवलं होतं ते पुतण्याने मागे सरकवलं. झाडांनी एक साक्ष दिली, माशांनी दुसरी. मुंबईची गोष्ट निराळी. तिथले लाव्हे शेवटच्या फळीतले, आणि तिथले बेडकांचे थर डायनोसॉर गेल्यानंतरचे मानले जातात. सगळ्या दख्खनला एकच वय चिकटवून चालत नाही, ते असं.

वर्षांचा आकडा मिळतो तो किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून. युरेनियम हळूहळू झिजून त्याचं शिसं होतं. त्याचा एक प्रकार 447 कोटी वर्षांत निम्मा उरतो, पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्याचा निम्मा. हा वेग उन्हाने वाढत नाही की थंडीने कमी होत नाही. 'झिरकॉन' नावाचा एक कठीण, बारीक स्फटिक असतो. तो जन्मताना युरेनियम पोटात घेतो, पण शिशाला जवळजवळ थारा देत नाही. तेव्हा आज त्याच्यात जे शिसं सापडेल ते त्याच्या आयुष्यात तयार झालेलं. हिशेब मांडा, वय निघालं.

इथे एक खाचखळगा आहे, तो शिक्षकांनी नीट ध्यानात घ्यावा. वाळूच्या खडकातला झिरकॉन हा दुसऱ्याच जुन्या खडकातून झिजून आलेला असतो. त्याचं वय म्हणजे थराचं वय नव्हे. घराच्या जोत्यात 1957 चं नाणं सापडलं, तर घर 1957 च्या आधीचं नाही एवढंच ठरतं. ते 1970 चंही असू शकेल. राखेतला झिरकॉन मात्र प्रामाणिक. ज्वालामुखी उडाला, राख पडली, थर झाला, सगळं एकाच वेळचं.

आता काकांच्या तांबड्या मातीकडे परत या. काळ्या पाषाणात झिरकॉन सहसा मिळत नाही. पण सह्याद्रीतल्या या तांबड्या थरांत राखेबरोबर आलेले झिरकॉन मिळतात. परदेशी व भारतीय संशोधकांनी ते वेचून मोजले. फेब्रुवारी 2019 मध्ये दोन गटांचे निष्कर्ष एकाच नियतकालिकात आले. एका गटाने तांबड्या थरांतले झिरकॉन मोजले होते, दुसऱ्याने लाव्ह्यातलाच आर्गॉन वायू. लाव्हारसाचा बहुतेक सगळा कारभार दहा लाख वर्षांच्या आत आटोपला, यावर दोघांचं साधारण एकमत. पण मोठा लोट डायनोसॉर नष्ट होण्याच्या आधी आला की नंतर, यावर मतभेद. पहिले म्हणतात, काही दशसहस्र वर्षं आधी एक मोठा लोट आला. दुसरे म्हणतात, बहुतेक लाव्हा नंतरचा. मेक्सिकोत आदळलेल्या अशनीला एकट्याला दोषी धरायचं की आपल्या डोंगरांनाही, ते यावर ठरायचं आहे. म्हणजे आपण ज्याला 'बोअरमधली लाल घाण' म्हणून पायाने बाजूला सारतो, तिच्यावर एवढा मोठा खटला चालू आहे!

आणि चूक किती सहज होते तेही सांगतो. भोपाळजवळ भीमबेटकाच्या गुहेत विंध्य खडकाच्या छतावर पानासारखी शिरा-शिरांची एक आकृती आहे. 2021 साली काही संशोधकांनी जाहीर केलं की हा 'डिकिन्सोनिया' नावाच्या अतिप्राचीन प्राण्याचा ठसा आहे, म्हणून तो खडक सुमारे 55 कोटी वर्षांचा. इतर संशोधकांचं मत होतं की तिथले वरचे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. मग दुसरा गट गुहेत जाऊन जवळून पाहू लागला, तर ती आकृती दगडातून सुटत चाललेली, खाली मेणाचा अंश. ते होतं आग्या मोहोळाचं जुनं, वाळकं पोळं! पहिल्या गटाच्या प्रमुखांनी चूक मोकळेपणाने मान्य केली. मला वाटतं, आपल्या डहाणू-जव्हारकडचा मध काढणारा एखादा वारली गडी तिथे असता तर त्याने वर बघूनच सांगितलं असतं.

शिक्षकांना शेवटी एक विनंती. वरळीची टेकडी इमारतींखाली गेली, टाकळी नागपूर शहरात गडप झाली. आपल्याकडेही डोंगर खडीसाठी फुटत आहेत, रस्ते-रेल्वेसाठी कापले जात आहेत. नवा कटाव दिसला की मुलांना घेऊन जा, पण दरडीखाली नव्हे, दूर उभे राहून. थर वरून खाली मोजा, चित्र काढा, तांबड्या थराची उंची अंदाजाने लिहा. दगड उचलाल तर त्यावर लगेच चिठ्ठी लावा : गाव, तारीख, कोणत्या थरातला, वरची बाजू कोणती. चिठ्ठी नसलेला दगड कितीही देखणा असला तरी मुका असतो.

काकांच्या बोअरला पाणी लागलं, बेताचंच. तांबडी भुकटी मी एका बरणीत भरून ठेवली आहे. फूट किती होता ते मात्र यंत्रवाल्याला नक्की आठवेना, म्हणून चिठ्ठीवर तेवढी जागा मोकळी सोडली आहे.