रयत, रायट आणि इंदापूरचा मुलूख

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वृत्तपत्रांत सारा, दुष्काळ किंवा कर्ज यांविषयीचा मजकूर वाचताना 'रायट' हा शब्द वारंवार भेटतो. हा शब्द मुळात इंग्रजी नव्हे. अरबीतून फारसीत आणि फारसी दरबारी व्यवहारातून मराठीत रुळलेल्या 'रयत' या शब्दाचे ते इंग्रजी रूप आहे. मूळ अरबी शब्दात राखणीखालच्या कळपाचा अर्थ आहे आणि त्यावरून राज्यकर्त्याने जिचे रक्षण करायचे ती प्रजा, असा अर्थ पुढे आला. मराठीत रयत म्हटले की तिचे पालन करणारा राजाही गृहीत धरलेला असतो. इंग्रजीत जाताना मात्र हे नाते गळून पडले आणि जमीन कसून सारा भरणारा माणूस एवढाच अर्थ मागे राहिला.

अर्थाच्या या संकोचाशी इंदापूर तालुक्याचा फार जवळचा संबंध आहे. याच तालुक्यात गोल्डस्मिड या अधिकाऱ्याने १८३५ च्या सुमारास जमिनीची नवी मोजणी सुरू केली आणि पुढे विंगेट तीत सहभागी झाला. त्याआधी प्रिंगल या अधिकाऱ्याने ठरवलेले सारे इतके जड होते की ती पद्धत टिकली नाही. नव्या पद्धतीत प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, ३० वर्षांसाठी सारा ठरला आणि ज्याच्या नावे खाते, तोच सरकारला थेट जबाबदार धरला गेला. ही मुंबई इलाख्याची रयतवारी होय. त्यामुळे मुंबईच्या पत्रांतील 'रायट' म्हणजे सरकारी वहीतला खातेदार असे, तर बंगालमध्ये जमीनदारी असल्याने कलकत्त्याच्या पत्रांतील 'रायट' म्हणजे जमीनदाराचे कूळ असे. १८५९-६० मध्ये नीळ पेरण्याच्या सक्तीविरुद्ध 'हिंदू पेट्रियट'ने ज्यांची बाजू लढवली, ते रायट या दुसऱ्या अर्थाचे होते. म्हणून जुने वृत्तपत्र वाचताना ते कोणत्या प्रांतातले आहे हे पाहिल्याशिवाय या शब्दाचा अर्थ लावता येत नाही.

इंग्रजीत या शब्दाचा आणखी एक गोंधळ १८७५ मधल्या घटनांत दिसतो. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, शेतकरी एकत्र आले, त्यांनी सावकारांकडून खतावण्या आणि कर्जरोखे मागून घेतले व जाळले, धान्याची दुकाने लुटली, आणि हे लोण पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील ३० हून अधिक गावांत पसरले. इंग्रजीत या घटनांना 'डेक्कन रायट्स' असे नाव पडले. यातला 'रायट' म्हणजे दंगा. शेतकरीवाचक शब्द आणि दंगावाचक शब्द यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे. उच्चारात तोही नाही. हे साम्य योगायोगाचे असले, तरी त्याचा परिणाम विचार करायला लावणारा आहे, कारण दंगा हा दंडविधानातला गुन्हा असल्याने घटनेला ते नाव देताच तिच्यामागचे गाऱ्हाणे दुय्यम ठरते आणि बंदोबस्ताचा प्रश्न पुढे येतो.

विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८६४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या 'नेटिव्ह ओपिनियन' या पत्रात ६ जून १८७६ रोजी रायट आणि सावकार यांच्याविषयी एक मजकूर आला आणि देशी पत्रांच्या सरकारी सारांशात तो उतरवला गेला. गावाच्या सीमेवर टेहळे बसवून, सरकारी अधिकारी येत असल्याची खबर वेळेत मिळवून, शेतकरी सावकाराकडे रोखे कसे मागत, याचे त्यात वर्णन आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आरंभी ज्यांना रायट म्हटले आहे, त्यांनाच लगेच गुन्हेगार म्हटले आहे. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगाने मुख्य दोष सावकारीवर ठेवला, वाढलेल्या साऱ्यावर नव्हे. आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला.

याच काळात मराठीत वेगळा शब्द बळ धरत होता. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' हे पत्र सुरू केले आणि जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ पूर्ण केला. 'शेतकरी' या शब्दात माणूस त्याच्या कामावरून ओळखला जातो, तो कोणाला काय देणे लागतो यावरून नव्हे, आणि म्हणूनच स्वतःविषयी बोलणाऱ्याला हा शब्द जवळचा वाटला.

'रयत' हा शब्दही मराठीतून हरवला नाही. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे स्थापन केलेल्या शिक्षण संस्थेला त्यांनी तेच नाव दिले, आणि संस्थेचे नाव इंग्रजीत लिहिले जाते तेही मराठी उच्चाराप्रमाणे, जुन्या इंग्रजी पत्रांच्या वळणाने नव्हे. महसुलाच्या वहीत आणि दंग्याच्या बातमीत अडकलेला शब्द अशा रीतीने, ज्यांचा होता त्यांच्याकडे, शाळेच्या पाटीवरून परत आला.