मध्यम वर्गातील मोटारसायकल शर्यती : एंजिनाचे नियम आणि स्पर्धेची समता

कोणत्याही शर्यतीत स्पर्धकांची वर्गवारी करावयाची म्हणजे प्रथम मोजमाप ठरवावे लागते. महाराष्ट्रातील बैलगाड्यांच्या शर्यतींत बैलांचे दात पाहून आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात. दात हे वयाचे चिन्ह असून वय हे बळाचे ढोबळ माप होय. ते माप अचूक नाही, परंतु मैदानावर उभे राहून कोणालाही तपासता येते, आणि म्हणूनच ते टिकून राहिले आहे. मोटारसायकलींच्या शर्यतीत दातांची जागा एंजिनाच्या घनफळाने घेतली आहे. घनफळ मोजणे सोपे आहे. तथापि ते एंजिनाच्या सामर्थ्याचे खरे माप आहे काय, हा प्रश्न वेगळा आहे. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या वर्गांच्या मधल्या वर्गांत या प्रश्नाला विशेष धार येते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला असून, उदाहरणादाखल पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणाऱ्या एका एंजिनाचा जागतिक स्पर्धेतील अनुभव घेतला आहे.

घनफळाची मर्यादा आणि तिचे परिणाम

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दीर्घकाळ २५० घन सेंटिमीटरचा वर्ग हा मध्यम वर्ग मानला जात असे. केवळ घनफळ बांधून दिले असता अभिकल्पक कोणत्या मार्गाने जातो, याचे उत्तम उदाहरण याच वर्गात सापडते. होंडा कंपनीने १९६४ साली २५० घन सेंटिमीटरच्या आत सहा सिलिंडरे बसविली. ते एंजिन मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेई. माइक हेलवूड याने त्यावर १९६६ व १९६७ अशी सलग दोन वर्षे अजिंक्यपद मिळविले. अशा यंत्राचा खर्च सामान्य स्पर्धकाच्या आवाक्याबाहेरचा होता. पुढे १९७० पासून या वर्गात दोनपेक्षा अधिक सिलिंडरांस बंदी करण्यात आली. केवळ घनफळाचे माप अपुरे आहे, हे नियमकर्त्यांनी एका परीने तेव्हाच मान्य केले, असे म्हणावयास हरकत नाही.

यामागील गणित सोपे आहे. चार धावांच्या एंजिनाची शक्ती ही माध्य परिणामी दाब, घनफळ आणि दर सेकंदाचे फेरे यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. घनफळ म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ गुणिले त्याची धाव. आणि दट्ट्याचा सरासरी वेग म्हणजे धाव व फेरे यांच्या गुणाकाराची दुप्पट. ही दोन समीकरणे एकत्र केली असता धाव व फेरे ही दोन्ही पदे निघून जातात, आणि शक्ती ही दाब, दट्ट्यांचे एकूण क्षेत्रफळ व दट्ट्याचा सरासरी वेग यांच्या गुणाकाराचा चौथा हिस्सा ठरते.

दट्ट्याच्या वेगाला धातूंच्या बळामुळे आणि वंगणाच्या मर्यादेमुळे सीमा पडते. दाबाला सिलिंडरात शिरणाऱ्या हवेची सीमा असते. एकाच काळातील एंजिनांत या दोन गोष्टी फारशा वेगळ्या नसतात. यास्तव शेवटी निर्णायक ठरते ते दट्ट्यांचे क्षेत्रफळ. एकाच घाटाची दोन एंजिने घेतली, घनफळ समान ठेवले, आणि एकात एक तर दुसऱ्यात दोन सिलिंडरे ठेवली, तर दोन सिलिंडरांच्या एंजिनात दट्ट्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २६ टक्क्यांनी अधिक भरते. सहा सिलिंडरांचे रहस्य हेच होते.

पाच एंजिनांची तुलना

२०१७ साली जागतिक सुपरस्पोर्ट ३०० हा वर्ग सुरू झाला. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मध्यम आकाराच्या मोटारसायकलींवर तरुण चालकांनी कमी खर्चात स्पर्धा करावी, हा त्याचा हेतू होता. नावात ३०० हा आकडा असला तरी प्रत्यक्षात २९६ पासून ४७१ घन सेंटिमीटरपर्यंतची यंत्रे त्यात एकत्र आली. त्यांपैकी केटीएम आरसी ३९० ही बजाज ऑटोच्या चाकण येथील कारखान्यात तयार होणारी मोटारसायकल होय. बजाजने २००७ साली केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीत १४.५ टक्के भाग घेतला, आणि त्या सहकार्यातून ही मालिका जन्मास आली. या वर्गातील पाच एंजिनांची मापे पुढीलप्रमाणे आहेत. शेवटचा आकडा दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास २० मीटर धरल्यास मिनिटाला किती फेरे होतील, हे दाखवितो.

केटीएम आरसी ३९० : सिलिंडर १, व्यास ८९ मि.मी.; धाव ६० मि.मी.; घनफळ ३७३ घ.सें.मी.; दट्ट्याचे क्षेत्रफळ ६२.२ चौ.सें.मी.; फेरे १०,०००.
यामाहा आर ३ : सिलिंडरे २, व्यास ६८, धाव ४४.१, घनफळ ३२१, क्षेत्रफळ ७२.६, फेरे सुमारे १३,६००.
कावासाकी निंजा ३०० : सिलिंडरे २, व्यास ६२, धाव ४९, घनफळ २९६, क्षेत्रफळ ६०.४, फेरे सुमारे १२,२००.
कावासाकी निंजा ४०० : सिलिंडरे २; व्यास ७०; धाव ५१.८, घनफळ ३९९, क्षेत्रफळ ७७.०, फेरे सुमारे ११,६००.
होंडा सीबीआर ५०० आर : सिलिंडरे २, व्यास ६७, धाव ६६.८, घनफळ ४७१, क्षेत्रफळ ७०.५, फेरे सुमारे ९,०००.

या कोष्टकातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. होंडाचे घनफळ यामाहाच्या घनफळापेक्षा जवळजवळ ४७ टक्क्यांनी अधिक आहे, परंतु तिच्या दट्ट्यांचे क्षेत्रफळ यामाहापेक्षा किंचित कमीच आहे. दुसरे असे की, केटीएमचे घनफळ यामाहापेक्षा ५२ घन सेंटिमीटरने जास्त असूनही क्षेत्रफळाच्या हिशेबाने ती सुमारे १४ टक्क्यांनी मागे पडते. एकच सिलिंडर असल्यामुळे येणारी ही उणीव भरून काढण्यासाठी व्यास धावेच्या जवळजवळ दीडपट ठेवण्यात आला आहे. तरीही ती पूर्ण भरून निघत नाही.

मग रस्त्यावर या मोटारसायकली एकमेकींस तुल्यबळ का भासतात? त्यांपैकी निंजा ३०० वगळता इतरांची घोषित शक्ती साधारणपणे ४२ ते ४८ अश्वशक्तींच्या दरम्यान आहे. याचे एक मोठे कारण युरोपातील परवान्याचा नियम हे होय. तेथील मधल्या श्रेणीच्या परवान्यास ३५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ४७.६ अश्वशक्ती, ही कमाल मर्यादा आहे. ज्या एंजिनास अधिक शक्ती देणे सहज शक्य आहे, त्यासही या मर्यादेजवळ थांबावे लागते. शर्यतीसाठी एंजिन मोकळे केले की ही दडलेली क्षमता प्रकट होते, आणि कागदावरील समता मैदानावर उरत नाही.

तीन उपाय

विषमता दूर करण्याचे तीन मार्ग आजवर अनुसरले गेले आहेत.

पहिला मार्ग मापांची संख्या वाढविण्याचा. मोटो ३ या कनिष्ठ वर्गात २५० घन सेंटिमीटरचे घनफळ, एकच सिलिंडर, ८१ मि.मी.चा कमाल व्यास आणि मिनिटाला १३,५०० फेऱ्यांची कमाल मर्यादा असे चौफेर बंधन आहे. व्यास बांधला की दट्ट्याचे क्षेत्रफळ बांधले जाते, आणि फेरे बांधले की त्याचा वेग बांधला जातो. म्हणजे शक्तीच्या सूत्रातील तीन पदांपैकी दोन नियमाच्या हाती येतात. अभिकल्पकाच्या हाती केवळ दाब उरतो. शिवाय चालक व वाहन यांचे एकत्रित वजन किमान १५२ किलो असावे लागते, त्यामुळे सडपातळ चालकास मिळणारा अवास्तव लाभही नाहीसा होतो.

दुसरा मार्ग सर्वांना एकच एंजिन देण्याचा. जागतिक स्पर्धेचा आजचा मध्यम वर्ग असलेल्या मोटो २ मध्ये २०१० पासून होंडाचे ६०० घन सेंटिमीटरचे, व २०१९ पासून ट्रायम्फचे ७६५ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे एंजिन सर्वांस दिले जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर झालेल्या शर्यतीत भारतीय प्रेक्षकांनी हा वर्ग प्रत्यक्ष पाहिला. एंजिन एक केले म्हणजे स्पर्धा संपत नाही. ती अन्यत्र सरकते. २०१३ ते २०२३ या अकरा वर्षांतील प्रत्येक मोटो २ विजेता कालेक्स या एकाच जर्मन कारखान्याच्या सांगाड्यावर स्वार झालेला होता. अर्थात एंजिनाच्या विविधतेचा त्याग केल्यानंतरही यंत्राची मक्तेदारी टळली नाही. ती फक्त दुसऱ्या भागाकडे गेली.

तिसरा मार्ग समतोलनाचा. वेगवेगळ्या रचनेच्या यंत्रांस प्रवेश द्यावयाचा, परंतु प्रत्येक प्रकारास फेऱ्यांची वेगळी मर्यादा व वेगळे वजन ठरवून द्यावयाचे. सुपरस्पोर्ट ३०० मध्ये हाच मार्ग स्वीकारण्यात आला. त्याचे तत्त्व उदाहरणाने स्पष्ट होईल. दाब समान मानला, तर घनफळ व फेरे यांचा गुणाकार समान ठेवला असता शक्ती समान होईल. केटीएमला १०,००० फेरे दिले, तर यामाहाला सुमारे ११,६००, निंजा ४०० ला सुमारे ९,३५० आणि होंडाला सुमारे ७,९०० फेरे द्यावे लागतील. हे आकडे केवळ तत्त्वाचे दिग्दर्शन करणारे आहेत. प्रत्यक्ष मर्यादा शर्यतींच्या निकालांवरून ठरवून वेळोवेळी बदलल्या गेल्या.

समतोलनाची कसोटी

या व्यवस्थेची परीक्षा लवकरच झाली. २०१७ चे पहिले अजिंक्यपद यामाहावर स्वार झालेल्या मार्क गार्सियाने मिळविले. २०१८ मध्ये निंजा ४०० मैदानात येताच तोल ढळला, आणि हंगाम चालू असतानाच कावासाकीचे फेरे कमी करून तिचे वजन वाढविण्यात आले. तरीही त्या वर्षी आना कारास्को हिने अवघ्या एका गुणाने अजिंक्यपद जिंकले. एकट्या चालकाच्या मोटारसायकलींच्या मार्गशर्यतीत जागतिक अजिंक्यपद मिळविणारी ती पहिली स्त्री होय. २०१८ ते २०२१ अशी चार वर्षे अजिंक्यपद कावासाकीकडे राहिले. नंतर ते २०२२ मध्ये यामाहाकडे, २०२३ मध्ये पुन्हा कावासाकीकडे व २०२४ मध्ये यामाहाकडे गेले. केटीएमने काही शर्यती जिंकल्या, परंतु अजिंक्यपद एकदाही जिंकले नाही. दट्ट्यांच्या क्षेत्रफळाचे कोष्टक समोर ठेवले असता यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

समतोलनात दोन अंगभूत अडचणी आहेत. पहिली नैतिक स्वरूपाची आहे. जो जिंकेल त्याच्यावर ओझे चढणार असेल, तर आपला पूर्ण वेग न दाखविण्यातच स्पर्धकाचे हित साठते. दुसरी अडचण यंत्रशास्त्रीय आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात व त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शक्ती ५ टक्क्यांनी वाढली तरी कमाल वेग जेमतेम १.६ टक्क्यांनी वाढतो. ताशी २०० किलोमीटर वेगाने एक किलोमीटरची सरळ वाट तोडताना यातून सुमारे १६ मीटरचे अंतर पडेल. परंतु पुढील वाहनाच्या मागे हवेचा विरोध इतका घटतो की मागचा चालक हे अंतर सहज भरून काढतो. परिणामी दहा-पंधरा वाहनांचा घोळका शेवटपर्यंत एकत्र राहतो. प्रेक्षकांस ते रोमहर्षक वाटते, परंतु अशा घोळक्यात एक जण पडला तर मागच्यांना वळण्यास जागा उरत नाही. २५ सप्टेंबर २०२१ रोजी हेरेस येथे डीन बेर्टा विन्यालेस हा पंधरा वर्षांचा चालक याच वर्गाच्या शर्यतीत मृत्यू पावला. त्यानंतर स्पर्धकांचे किमान वय वाढविण्यात आले. समता हे शर्यतीच्या नियमांचे एकमेव ध्येय असू शकत नाही, हे या घटनेने कठोरपणे दाखवून दिले.

२०२५ च्या हंगामाबरोबर सुपरस्पोर्ट ३०० हा वर्ग संपला. त्याची जागा अधिक मोठ्या यंत्रांच्या स्पोर्टबाइक वर्गाने घेतली असून त्यात ॲप्रिलिया, ट्रायम्फ, यामाहा, सुझुकी इत्यादींची ६६० घन सेंटिमीटर व त्यापुढील एंजिने आहेत. समतोलनाचे तत्त्व मात्र कायम आहे. त्यावरच्या सुपरस्पोर्ट वर्गातही २०२२ पासून ६०० घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरी यंत्रांबरोबर डुकाटीच्या ९५५ घन सेंटिमीटरच्या दोन सिलिंडरी यंत्रास प्रवेश मिळाला, आणि २०२३ चे अजिंक्यपद डुकाटीनेच पटकावले.

नियम आणि कारखाना

हा विषय शर्यतीच्या मैदानापुरता मर्यादित नाही. ज्या मापाने नियम बांधला जातो, त्याच मापाभोवती कारखान्याची बुद्धी घोटाळू लागते. केटीएमच्या ३९० मालिकेचे नवे एंजिन ३९९ घन सेंटिमीटरचे आहे. परंतु व्यास ८९ मि.मी.च ठेवून केवळ धाव ६० वरून ६४ मि.मी. करण्यात आली. क्षेत्रफळ तेच राहिले. वरील सूत्रानुसार अशा बदलाने कमी फेऱ्यांवरील ओढ वाढते, कमाल शक्तीची मर्यादा मात्र फारशी हलत नाही. रस्त्यावरील गिऱ्हाइकास हे हितावह आहे. शर्यतीच्या चालकास त्याचा लाभ थोडा.

भारतात तर घनफळाच्या मापास आता करकायद्याचेही बळ मिळाले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यावरील वाहनांवर तो ४० टक्के झाला. बोदवड-भुसावळ रस्त्यावरून रोज धावणाऱ्या एक सिलिंडरी वाहनाच्या धन्यास ही सवलत लाभली. परंतु ३५१ व्या घन सेंटिमीटरपाशी उभी राहिलेली ही भिंत अभिकल्पकाला लहान घनफळात अधिक क्षेत्रफळ व अधिक फेरे बसविण्यास प्रवृत्त करील, हे २५० घन सेंटिमीटरच्या जुन्या वर्गाचा इतिहास पाहिला असता उघड आहे.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, सोपे माप आणि खरे माप ही क्वचितच एक असतात. घनफळ मोजणे सोपे, म्हणून नियम त्यावर बांधला जातो. शक्ती क्षेत्रफळावर अवलंबून असते, म्हणून यंत्र त्या दिशेने वाढते. आणि मग नियमाला फेरे, वजन, व्यास यांची ठिगळे लावावी लागतात. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याने कोणताही नियम वाचताना तो काय मोजतो याबरोबरच काय मोजावयाचे सोडून देतो, हेही तपासून पाहावे. पुढील यंत्राचा आकार बहुधा त्या सुटलेल्या मापातूनच घडत असतो.